वाचकांचे प्रश्न: जुना स्टिरिओ, मोजका खिसा

प्रश्न: रेकॉर्ड ऐकायला जुनीच सिस्टिम जमवायची आहे. पैसे मोजके आहेत. ते कशावर घालू आणि घेताना काय तपासू?

पैसे स्पीकर आणि सुईवर घाला. सत्तरच्या दशकातला २०-३० वॅटचा अॅम्प्लिफायर बैठकीच्या खोलीला पुरून उरतो, जास्त वॅटचा मोह नको. मागे ‘फोनो’ इनपुट, म्हणजे टर्नटेबल जोडायची जागा, मात्र असावी. आवाजाचं बटण फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, काँटॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांत बहुधा जाते. खरी तपासणी वेगळीच: स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून अॅम्प्लिफायरमागच्या स्पीकर जोडायच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. व्होल्टच्या घरात गेलं तर आउटपुट ट्रान्झिस्टर बिघडलाय, आणि तो तुमचे स्पीकर जाळेल.

स्पीकरची जाळी काढायला लावा. कोनभोवती (आवाज काढणाऱ्या पडद्याभोवती) फोमची कडा असेल तर बोटाने अलगद दाबून बघा. वीस-पंचवीस वर्षांत फोम कुजतो आणि बोटाला काळा, चिकट चुरा लागतो. कडा बदलता येते, पण भाव तसा पाडून घ्या. रबर आणि कापड जास्त टिकतं. मग दोन्ही हातांची बोटं समोरासमोर टेकवून कोन सरळ आत ढकला. आत घासल्याची खरखर जाणवली तर व्हॉइस कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) अडतेय, तो जोड सोडून द्या.

टर्नटेबलचा सैल बेल्ट हा दोष नाहीच, तो बदलायचाच असतो. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, हलकेच हलवून बघा. सांध्यात खुळखुळ लागली तर नको. आणि मालक काहीही सांगो, सुई नवी घ्या. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते. आधी किती वाजली ते कोण जाणे, आणि झिजलेली सुई रेकॉर्डची खाच खरवडते. बऱ्याच कार्ट्रिजची (आर्मच्या टोकाची, सुई बसते ती डबी) नुसती सुई मिळते.

आता वजन, म्हणजे सुईचा रेकॉर्डवरचा भार. अँटिस्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली सोय) शून्यावर ठेवा, मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगू द्या. त्याची आकड्यांची चकती तेवढी शून्यावर आणा, मग सगळं वजन मिळून फिरवून कार्ट्रिजवाल्याने सांगितलेला आकडा लावा, बहुधा दीड ते अडीच ग्रॅम. अँटिस्केटिंगही तेवढंच. रेकॉर्ड जपायची म्हणून वजन कमी ठेवणारे नुकसानच करतात: सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती ठेचते.

प्रश्न: टर्नटेबल अॅम्प्लिफायरच्या ऑक्सला (साध्या इनपुटला) जोडला. आवाज बारीक आणि चिरका येतो, वर गुणगुण.

कार्ट्रिजमधून ३ ते ५ मिलिव्होल्टच निघतात, ऑक्सला काहीशे लागतात. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबून तीव्र स्वर वाढवलेले असतात. ते उलटं करण्याचं आणि सिग्नल सुमारे शंभरपट वाढवण्याचं काम फोनो इनपुट करतं. तिथे जोडा, नसेल तर वेगळा फोनो प्रीअँप घ्या. टर्नटेबलमध्येच प्रीअँप असेल तर एकच वापरा, दोन्ही लावलेत तर आवाज फाटतो. गुणगुणीसाठी टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर अॅम्प्लिफायरच्या ‘ग्राउंड’ स्क्रूला आवळा.

प्रश्न: १२० व्होल्टचा टर्नटेबल २३० वर ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो. गाणी रेंगाळतात.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरणारी ६० हर्ट्झची सिंक्रोनस मोटर ५० हर्ट्झवर पाच-षष्ठांश वेगाने फिरते, म्हणजे मिनिटाला ३३⅓ च्या जागी २७.८ फेरे. त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली (मोटरवरची, बेल्ट फिरवणारी चकती) मिळते का बघा, ती थोडी जाड असते. डीसी मोटरच्या टर्नटेबलला हा त्रास होत नाही.