‘डॅफोडिल्स’ कवितेचा नकाशा फळ्यावर कसा काढावा?
यवतमाळकडच्या खेड्यातल्या शाळेत प्रोजेक्टर नाही, तर इंग्रजी कवी वर्डस्वर्थची ही कविता चित्रातून कशी दाखवू, असं तुम्ही विचारलंय. फळा आणि तीन रंगांचे खडू पुरे.

चार कडव्यांचे चार चौकोन आडवे आखा, प्रत्येकात सहा ओळी. पहिली-तिसरी एका रंगात, दुसरी-चौथी दुसऱ्या, शेवटच्या दोन तिसऱ्या. यमक दिसलं, पुढे चला.

खरी मजा भावनेच्या रेघेत आहे: चौकोनांखाली कवीच्या मनाप्रमाणे वरखाली जाणारी एक रेघ काढा. सुरुवातीला कवी ढगासारखा एकटा भटकतो तिथे ती खाली, फुलं दिसताच झपकन वर. चौथ्या कडव्यात कवी कोचावर उदास पडलेला, म्हणून पुन्हा खाली. मग आठवण येते नि रेघ उसळते. पहिली तीन कडवी भूतकाळात, चौथं वर्तमानकाळात, तेव्हा त्या दोन्हींच्या मध्ये जाड उभी रेघ हवीच. भावनेची रेघ जास्त उंच कुठे, फुलांसमोर की आठवणीत? वर्ग भांडेल, भांडू द्या.

डॅफोडिल हे पिवळं फूल पोरांनी पाहिलेलं नसतं. तूर फुलोऱ्यावर असताना शेताच्या धुऱ्यावर न्या, तो फुलोराही पिवळाच.

आणि हो, १८०७ साली छापली तेव्हा कविता तीनच कडव्यांची होती. फुलांना ताऱ्यांची उपमा देणारं दुसरं कडवं १८१५ मध्ये आलं. तो चौकोन झाकून रेघ पुन्हा काढायला लावा.