मायक्रोआरएनएच्या जनुकात बदल निघाला, तर मलाही आतड्याचा कॅन्सर होणार का?

वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, म्हणून तुम्ही लाळेची जनुक चाचणी केली आणि तिच्यात मिर-१४६ए या मायक्रोआरएनएच्या, म्हणजे इतर जनुकांना आवर घालणाऱ्या छोट्याशा आरएनए रेणूच्या, जनुकातला बदल निघाला. घाबरायचं का, असं विचारताय. नाही. पण तो निघाला नसता तरी निर्धास्त राहायचं नव्हतं, आणि त्यासाठीच मी लिहायला बसलोय.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी हाच बदल तपासायचो, त्याचा नोंदणी क्रमांक आरएस २९१०१६४. पीसीआर करून डीएनएच्या त्या तुकड्याच्या प्रती काढायच्या, डीएनए कापणारं सॅक-वन एन्झाइम घालायचं, जेलवर चालवून यूव्हीखाली पट्टे बघायचे. त्या जागी डीएनएचं अक्षर जी आहे की सी, त्यावर तुकडा कापला जातो किंवा अख्खा राहतो. सी असला की तयार मिर-१४६ए कमी बनतं आणि दाह वाढवणाऱ्या टीआरएएफ६ वगैरे जनुकांवरचा लगाम ढिला पडतो, असा त्यामागचा तर्क. पण हा सी कोट्यवधी धडधाकट माणसांत आहे. पूर्व आशियात तर जीपेक्षा सीच जास्त. कुठल्या अभ्यासात धोका किंचित वाढलेला दिसतो, कुठल्या अभ्यासात काहीच नाही. मिर-१९६ए२ या दुसऱ्या मायक्रोआरएनएच्या जनुकातल्या बदलाची तीच गत. यावरून एका माणसाचं भविष्य सांगणं ही शुद्ध लबाडी आहे.

माझ्या मावसभावाला हेच विकलं गेलं. त्याचे वडील चाळिशीतच आतड्याच्या कॅन्सरने गेले, त्याच्या आत्याला गर्भाशयाचा कॅन्सर झालेला. घराण्यात अशी जोडी दिसली की लिंच सिंड्रोम, म्हणजे असे कॅन्सर होण्याचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष, तपासायलाच हवा. याच्या लाळेच्या रिपोर्टात हिरव्या अक्षरांत ‘धोका कमी’ आलं आणि याने ठरलेली कोलोनोस्कोपी रद्द केली! गणपतीत सगळ्यांसमोर आमचं वाजलं. "तू जेल बघत बसायचास, यांच्याकडे लाखो लोकांचा डेटा आहे," म्हणाला. मावशी म्हणाली, सणासुदीला हा विषय नको. मग कधी काढायचा?

शेवटी आत्यानेच मनावर घेतलं. तिच्या ऑपरेशनचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, पॅथॉलॉजीत ठेवलेला होता. त्यावर आयएचसी, म्हणजे पेशींत ठरावीक प्रथिनं आहेत का ते रंगवून बघणारी तपासणी केली, तर डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी एमएसएच२ आणि एमएसएच६ ही दोन्ही प्रथिनं गायब. पुढे रक्ताच्या तपासणीत एमएसएच२चा आनुवंशिक दोष तिच्यात सापडला आणि मग भावातही. त्या लाळेच्या चाचणीत हे जनुक तपासलेलंच नव्हतं. कोलोनोस्कोपीत पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचा कोंब, निघाला, तो तिथेच काढला. हा अजून म्हणतो, कॅन्सर नव्हता ना, म्हणजे रिपोर्ट बरोबरच होता. अरे, पॉलिपचा कॅन्सर होऊ नये म्हणूनच तर तो काढतात!

तर तुम्ही वडिलांच्या ट्यूमरची एमएमआर आयएचसी, म्हणजे या डीएनए-दुरुस्तीच्या प्रथिनांची तपासणी, झाली आहे का, ते आधी विचारा. नसेल तर करून घ्या. लिंच नसला तरी वडिलांना साठीच्या आत निदान झालं असेल, तर तुमची कोलोनोस्कोपी ४०व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा. शौचातून रक्त जात असेल तर वयाची वाट बघू नका, मूळव्याध समजून मलम लावत बसू नका.

मी डॉक्टर नाही, वेळापत्रक तुमचे गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट ठरवतील. आणि कॅन्सर ओळखण्यासाठी रक्तात किंवा शौचात मिर-२१, मिर-९२ए हे मायक्रोआरएनए किती आहेत हे मोजणं ही वेगळी गोष्ट. तिथे खरंच आशेला जागा आहे. पण घरात कुणी हिरवा रिपोर्ट नाचवला, तर त्यात एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ ही लिंचच्या जनुकांची चार नावं आहेत का, तेवढं त्याला सगळ्यांसमोर विचारा.