माल दिला, पैसे कुठं?

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात आम्ही सात जणी बचत गटातून सांडगे, मुगवड्या करतो. दुकानदार माल ठेवून घेतो, पैशांचं विचारलं की ‘पुढच्या महिन्यात या ताई’. तीन महिने झाले. भांडावं का?

उत्तर : भांडू नका, कागद करा. मीही इतवारीत एका दुकानात साडेचार किलो सावजी मसाला विश्वासावर दिला होता. पावती मागायची लाज वाटली! मसाला संपला, पैसे आलेच नाहीत.

आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. ती फुकट आहे, एजंटाला पैसे देऊ नका बाप्पा. मग दर खेपेला दोन प्रतींत चलन, म्हणजे माल दिल्याची पावती : वजन, दर, तारीख, खाली दुकानदाराची सही. २००६च्या सूक्ष्म-लघुउद्योग कायद्यानं लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. नंतर रिझर्व्ह बँकेनं ठरवलेल्या बँकदराच्या तिप्पट व्याज. नोंदणीआधीची उधारी मात्र गोडीनंच काढा.

आणि जुनं बिल चुकल्याशिवाय नवी खेप देऊ नका. वड्या उन्हाळ्यातच वाळतात, गिऱ्हाईक त्या पावसाळ्यात मागतं. तेव्हा दुकानदारच तुमच्या दारी येईल.