चोवीस तास चालणारा संगणक आणि अठरा हप्ते

प्रश्न : मी घरून हिशेबाची कामं करते. माझा सहा वर्षांचा डेस्कटॉप रात्रंदिवस चालू असतो, कारण घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो रात्री त्यात उतरतात आणि बाहेर असताना मला फायली लागतात. आठ-दहा दिवस झाले की तो इतका मंदावतो की काम करवत नाही. पंखा घरघरतो. गेल्या महिन्यात दोनदा आपोआप बंद होऊन परत सुरू झाला. विक्रेत्याने दुप्पट ताकदीचा नवा संगणक अठरा हप्त्यांवर सुचवलाय, सोबत वेग वाढवणारं सॉफ्टवेअर आणि वार्षिक देखभाल करार. बचत मोडावी लागणार नाही म्हणून हप्ते बरे वाटतात. घेऊ का?

उत्तर : एवढ्यात घेऊ नका. का, ते सविस्तर सांगते.

तुमच्या पत्रात खरं तर दोन संगणक आहेत, एकाच पेटीत बसलेले. एक दिवसा सात-आठ तास हिशेब करतो. दुसरा उरलेले सोळा तास नुसता जागा राहतो, फोटोंची वाट बघत. नव्या खरेदीचा विचार पहिल्याच्या नावाने चाललाय आणि पैसे जातायत दुसऱ्याच्या जागरणावर. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, त्यातली गत.

आधी जागरणाचा हिशेब. वर्षात ८,७६० तास असतात, म्हणून सतत चालू असलेल्या कुठल्याही वस्तूचा एकेक वॅट वर्षाला ८.७६ युनिट वीज घेतो. एवढा एक आकडा पाठ करून ठेवा. साधा डेस्कटॉप रिकामा बसलेला असतानाही, मॉनिटर सोडून, ढोबळमानाने ४० ते ८० वॅट घेतो. ६० धरले तर वर्षाचे ५२५ युनिट झाले. हेच राखणीचं काम लॅपटॉप किंवा छोटा मिनी पीसी १० वॅटच्या आसपास करतो, म्हणजे ८८ युनिट. मधले ४३७-४३८ युनिट गुणिले तुमच्या बिलातला दर, ही दरवर्षीची गळती. विक्रेत्याने दाखवलेल्या ताकदवान संगणकात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर तो रिकामा बसूनही आजच्यापेक्षा जास्तच वीज खाण्याची शक्यता आहे. ते कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही.

माझ्या ६० वर विसंबू नका, घरीच मोजा. प्लगमध्ये लावायचं वीजमापक मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर घरच्या मीटरवर लुकलुकणारा दिवा असतो, आणि किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो ३,२०० आहे. घरातलं बाकी सगळं दहा मिनिटं बंद ठेवा, फक्त संगणक रिकामा चालू द्या. दिवा साधारण १९ सेकंदांनी एकदा लुकलुकला, तर ते ६० वॅट. दहा सेकंदांनी लुकलुकला, तर ११२. घरातले लोक थोडे कुरकुरतील, पण दहा मिनिटांत तुमच्याकडे विक्रेत्यापेक्षा खरी माहिती असेल.

आता घसारा. आपण वस्तूचं वय वर्षांत मोजतो, हिशेबनीस असल्यामुळे तुम्ही तर नक्कीच. पण तुमचा सहा वर्षांचा संगणक ५२,००० तासांहून जास्त चाललाय. रोज आठ तास चालणाऱ्या संगणकाला एवढे तास भरायला अठरा वर्षं लागतील. तो थकलाय ते यामुळे, आणि नवा घेऊन तसाच चालू ठेवलात तर त्याचंही तेच होईल, फक्त हप्ते फिटल्यानंतर काही वर्षांनी.

सगळे भाग मात्र सारखे थकत नाहीत. प्रोसेसर आणि रॅम (म्हणजे चालू कामापुरती तात्पुरती मेमरी) सहसा वर्षानुवर्षं टिकतात. आधी जातात ते फिरणारे आणि तापणारे भाग, म्हणजे पंखे, हार्ड डिस्क आणि वीज पुरवणारा एसएमपीएस. एसएमपीएसमध्ये कपॅसिटर नावाचे वीज साठवणारे छोटे भाग असतात, त्यांचं आयुष्य तापमानावर ठरतं. ढोबळ नियम असा की दर १० अंशांनी तापमान वाढलं की आयुष्य निम्मं. १०५ अंशांना २,००० तास टिकेल असं लिहिलेला कपॅसिटर ६५ अंशांना सुमारे ३२,००० तास जातो, म्हणजे सतत चालवला तर साडेतीन वर्षांच्या थोडं वर. तोच ५५ अंशांवर ठेवला तर सात वर्षांहून जास्त. जाळीत आणि पंख्याच्या पात्यांवर साचलेली धूळ हा फरक सहज पाडू शकते. दर तीन महिन्यांनी प्लग काढून, पंखा बोटाने धरून ब्रशने धूळ झाडणं, याच्याइतका परतावा देणारी गुंतवणूक मला तरी माहीत नाही. संगणक कपाटाच्या बंद खणात असेल तर आधी तो बाहेर काढा.

तुमचा दोनदा आपोआप बंद झालेला संगणक मला या एसएमपीएसकडे किंवा उष्णतेकडे बोट दाखवतोय असं वाटतं. क्वचित कधी रॅमही कारण असते. तपासून घ्या, आणि एसएमपीएस बदलायचा ठरला तर तिथे कंजुषी नको. कार्यक्षमतेचं ‘८० प्लस’ प्रमाणपत्र असलेला घ्या. हलका एसएमपीएस जळताना शेजारच्या भागांनाही सोबत घेऊन जाऊ शकतो.

मंदावण्याचं कारण वेगळंच आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. काही प्रोग्राम काम करताना मेमरी मागून घेतात आणि काम झाल्यावर परत करत नाहीत. उसनवार घेऊन विसरणारा नातेवाईकच म्हणा ना. असे चार-पाच जमले की आठ-दहा दिवसांत रॅम संपते, संगणक डिस्ककडून उसनं घ्यायला लागतो आणि डिस्क तर रॅमच्या मानाने फारच संथ. रीस्टार्ट केलं की सगळी उसनवारी एका फटक्यात वसूल. पण इथे एक गोम आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक संगणकांवर चालू असते. तिच्यामुळे शटडाऊन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तसाच उचलला जातो. तेव्हा ‘बंद करून बघितलं, फरक नाही पडला’ असं तुम्ही म्हणाल, तर ते पटण्यासारखं आहे. बंद करून चालू करणं वेगळं आणि ‘रीस्टार्ट’ वेगळं. टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम बघा, किती दिवस अखंड चाललाय ते कळेल. (विंडोज ९५ आणि ९८ तर ४९.७ दिवसांनी अडकूनच बसायचं. मिलिसेकंद मोजणारा आकडा तिथे भरून पुन्हा शून्यावर यायचा. अर्थात त्या काळी इतके दिवस न अडकता चालणं हीच बातमी होती.)

आठवड्यातून एकदा रीस्टार्ट, टास्क मॅनेजरमधून न लागणारे स्टार्टअप प्रोग्राम बंद, ब्राउझरमधले पंचवीस टॅब मिटवणं. एवढं तीन आठवडे करा. वेग वाढवणारं सॉफ्टवेअर वर्गणी भरून घ्याल, तर तेही त्याच रॅममध्ये येऊन बसेल. ते यादीतून आजच खोडा. अजून विंडोज जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल, तर ते एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर, हलवणं हा मात्र रास्त खर्च. फरक पहिल्याच दिवशी जाणवेल.

मला खरी काळजी वाटली ती पत्रात नसलेल्या एका गोष्टीची. घरातल्या सगळ्यांचे फोटो आणि तुमच्या ग्राहकांचे हिशेब याच एका डिस्कवर आहेत का? ५२,००० तास फिरलेल्या डिस्कवर? तसं असेल तर मंद संगणक हा तुमचा प्रश्नच नाही. बंद पडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्यांचं बिल नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकतं, आणि हमी तरीही नसते. विम्याशिवाय मी कुणाला गुंतवणुकीबद्दल बोलू देत नाही, तसंच हे. पहिली खरेदी एका बाहेरच्या डिस्कची. आठवड्यातून एकदा जोडायची, प्रत घ्यायची, काढून ठेवायची. कायम जोडून ठेवलीत तर विजेचा झटका किंवा व्हायरस दोन्ही प्रती मिळूनच नेईल.

दुसरी खरेदी यूपीएसची. वीज अचानक गेली की अर्धवट लिहिलेली फाइल खराब होते, ते टळतं. घेताना व्हीए (यूपीएसवर छापलेलं क्षमतेचं माप) आणि वॅट यांत गल्लत करू नका, ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच्या आसपासच पेलतो. त्याची बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, तेव्हा हा खर्च एकदाचा समजू नका.

आणि मग मूळ सवाल, तो रात्रभर जागा राहायलाच हवा का? डेस्कटॉप स्लीपमध्ये साधारण एक ते तीन वॅट घेतो. रात्री दोनला स्वतः जागा होऊन फोटो उतरवून पुन्हा झोपेल अशी वेळ लावता येते. बाहेर लागणाऱ्या फायली थोड्याच असतील, त्या क्लाउडवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवा. मॉनिटर तर बंदच व्हायला हवा, स्क्रीनसेव्हर वीज वाचवत नाही. सारखं चालू-बंद केल्याने डिस्क लवकर जाते अशी भीती अनेकांना असते, पण ५०,००० वेळा सुरू होण्यासाठी बनवलेली डिस्क रोज दहादा सुरू केली तरी तेरा वर्षं पुरते. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर राखणीला त्याला बसवा. त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. फक्त चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावा, कारण कायम शंभरावर आणि उष्णतेत ठेवलेली बॅटरी फुगू शकते.

हप्त्यांबद्दल. बचत मोडत नाही हे खरं, पण पुढच्या अठरा महिन्यांची बचत आधीच खर्ची पडते, तीही रोज किंमत उतरणाऱ्या वस्तूवर. ‘बिनव्याजी’ असेल तर प्रोसेसिंग फी किती आणि रोखीत सूट किती मिळाली असती ते विचारा, व्याज तिथेच सापडतं. त्यापेक्षा हप्त्याएवढी रक्कम पुढच्या महिन्यापासून रिकरिंगमध्ये टाका. डिस्क आणि यूपीएस त्यातून होतील, उरलेलं साठत राहील.

नवा घ्यायला मी ‘हो’ म्हणेन असं एकच कारण दिसतं. तुमच्या संगणकावर अजून विंडोज १० असेल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ग्राहकांचे हिशेब असलेला आणि रात्रंदिवस इंटरनेटला जोडलेला संगणक सुरक्षा अपडेटशिवाय ठेवणं मला मान्य नाही. सहा वर्षांपूर्वीचं यंत्र बहुधा विंडोज ११ घेईल, तो बदल फुकटात होतो. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) किंवा प्रोसेसरवर अडलं तर नवा घ्या, पण हिशेबाला पुरेल एवढाच.

देखभाल करारात सुटे भाग धरलेत का ते विचारा. नसतील तर तुम्ही धूळ झाडायचे पैसे भरताय.

मीटरवरचा आकडा आला की कळवा. तो ३० वॅटच्या खाली निघाला, तर मिनी पीसीचा विचारही सोडून द्या. वर्षाला पावणेदोनशे युनिट वाचवण्यासाठी नवं यंत्र परवडत नाही.