देवाला काय विचारावं, कागदाला काय

प्रश्न : आमची कलमांची बाग वडिलांच्या नावावर आहे. वडील जाऊन दोन वर्षं झाली. आम्ही तीन भाऊ. थोरल्या दादांना बाग विकायची आहे. ग्रामदेवतेला कौल लावला, म्हणजे हो की नाही ते देवाला विचारलं, तो डावा, म्हणजे नकाराचा, आला. दादा म्हणतात, परत लावू. असा परत लावता येतो का? (एक वाचक, मालवण तालुका)

उत्तर : येतो, पण प्रश्नच चुकीचा मांडला गेला असेल तरच. उत्तर आवडलं नाही, हे कारण नव्हे. गाऱ्हाण्यातले, म्हणजे देवापुढे केलेल्या विनवणीतले, नेमके शब्द आधी आठवा. ‘बाग विकावी आणि त्या पैशात घर बांधावं काय’ असं विचारलं असेल, तर ते दोन प्रश्न झाले. डावा कौल त्यातल्या कशाला, ते कोणीच सांगू शकत नाही. मग ज्याला जे हवं ते तो उचलतो. भावाभावांतलं निम्मं भांडण अशा ढिल्या शब्दांतून उभं राहतं.

प्रश्न एकच असावा, हो किंवा नाही असं उत्तर येणारा, आणि त्याला मुदत असावी : ‘येत्या शिमग्याच्या आत बाग विकायला काढू काय?’ उजवा आला तर काय, डावा आला तर काय, हे देवळाची पायरी चढण्याआधी तिघांनी घरी ठरवा. लिहून सह्या केल्यात तर उत्तमच.

पाकळ्यांचा कौल असेल, म्हणजे देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवून आधी कुठली पडते ते बघायचं असेल, तर दोन्ही बाजूंच्या पाकळ्या एकाच फुलाच्या, सारख्या आकाराच्या आणि सारख्याच भिजलेल्या हव्यात. पाकळी ओलाव्यावर चिकटते आणि सुकली की सुटते. जाड देठाकडची पाकळी जडपणाने लवकर घसरते, समईच्या धगीजवळची लवकर सुकते. दारातून वारा येत असेल तर दार ओढून घ्या. उजवी म्हणजे देवाची उजवी की आपली, हे आधीच गुरवांना विचारा, कारण देवळागणिक रीत बदलते. आणि गाऱ्हाण्याला होकार देणारं ‘व्हय म्हाराजा’ तिघांच्याही तोंडून येऊ द्या. गप्प उभा राहिलेला भाऊच पुढे कौल मानत नाही.

आचऱ्याची गावपळण बघा. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव गुराढोरांसकट, कोंबड्याकुत्र्यांसकट वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांत काढतो आणि परतायचं तेही कौल घेऊनच. नाही मिळाला तर मुक्काम वाढतो. एवढा मोठा गाव हलतो, कारण दोन्ही उत्तरं त्यांनी विचारण्याआधीच मान्य केलेली असतात.

आता कागदाचं. हिस्सा कोणाचा किती, हे देवाला विचारू नका. आधी वारसनोंद करा, मग सातबारा आणि फेरफार काढून तिघांनी एकत्र वाचा. सबंध बाग विकायला सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात. दादांनाच पैशांची गरज असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. तिन्ही वाटण्या वेगळ्या झाल्या की बाकी दोघांची कलमं विकण्याचा प्रश्नच उरत नाही. आमच्या मते कौलाआधी हेच करायला हवं होतं.

प्रश्न : घरभरणीला फोडलेला नारळ नासका निघाला. सासूबाईंनी तेव्हापासून मनाला लावून घेतलंय. (एक वाचक, वेंगुर्ला)

उत्तर : सासूबाईंना करवंटीचे तीन डोळे दाखवा. त्यातला एक मऊ असतो, कोंब तिथूनच येतो. शेंडी उपटली की तो उघडा पडतो आणि पावसाळी दमटपणात बुरशी तिथून आत शिरते. गाडीत आपटून केसासारखी बारीक चीर गेली तरी तेच होतं, आणि ती चीर बाहेरून पटकन दिसत नाही.

पुढच्या वेळी नारळ शेंडीसकट घ्या. हाताला जड लागला पाहिजे, कानाशी हलवल्यावर पाणी खळखळलं पाहिजे, डोळे कोरडे हवेत. करवंटीवर ओलसर रेघ दिसली तर तो ठेवून द्या. आणलेला नारळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. मुहूर्ताला एक जास्तीचा जवळ असू द्या. पहिला नासका निघाला तर त्याच गाऱ्हाण्यावर दुसरा वाढवायचा. सासूबाईंना हवं असेल तर येत्या सोमवारी त्यांच्याच हाताने निवडलेला नारळ देवापुढे ठेवा. त्यांचं मन घरात रमणं महत्त्वाचं.

प्रश्न : आई नवस बोलली होती, पण कोणत्या देवाला आणि काय, हे न सांगताच गेली. (एक वाचक, राजापूर)

उत्तर : कुलदेवता आणि ग्रामदेवता, दोघींची खण, नारळ, तांदूळ घालून ओटी भरा. ‘आईचं जाणता-अजाणता राहिलेलं मान्य करून घे’ एवढं गाऱ्हाणं पुरतं. अंदाजाने मोठा खर्च करू नका, कर्ज तर मुळीच काढू नका. आणि घरात कोणी नवस बोललं, तर देव, वस्तू आणि मुदत त्याच दिवशी कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवा.