“गाढ झोपतोय, घोरतोय की!”

“मॅडम, मीच कुठं कमी पडते का ओ?”

सांगलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येऊन बसल्या बसल्या त्या आईनं हेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) मुलगा चार वर्षांचा. बालवाडीत एका जागी बसत नाही, पोरांना ढकलतो, जरा काही झालं की रडतो. सासूबाईंच्या मते दृष्ट लागलीय. वडील हळदीच्या बाजारात हमाली करतात, पहाटेच घर सोडतात. त्यांचं एकच, “तू लाडावून ठेवलंयस.”

मुलगा समोरच खेळत होता. तोंड उघडं, ओठ सुकलेले, चेहरा फिका. मध्येच त्यानं पाटीवरची पेन्सिल उचलली आणि कुडुमकुडुम चावून खाल्ली. आई ओशाळली. “खडू, माती, भिंतीचे पोपडे, काय बी खातोय. मारलं तरी ऐकत नाही.”

मारू नका, म्हटलं. ही ओढ पुष्कळदा अंगात लोह कमी असल्यामुळे असते. तो हट्ट नव्हे.

चिडक्या मुलाबद्दल बोलताना मी दिवसाआधी रात्रीचं विचारते. “गाढ झोपतोय, घोरतोय की, मामंजींसारखा! फक्त पाय झाडतोय लई. पायात मुंग्या चावत्यात म्हणतोय.” घोरणं म्हणजे गाढ झोप, हा समज किती घरांत आहे! रोज घोरणारं लहान मूल डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मी त्यांना मोबाईलवर चित्रण करून आणायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी त्या घेऊन आल्या. मान मागं टाकलेली, केस घामानं चिकटलेले. घोरणं, घोरणं, आणि अचानक शांतता. छाती आत ओढली जातेय, पोट वरखाली होतंय, पण श्वासाचा आवाज नाही. मी मनात मोजत होते. आठ, नऊ, दहा. मग एक गचका, कूस, पुन्हा घोरणं.

हे माझ्या एकटीचं काम नव्हतं. त्यांना मिरजेला बालरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नाकामागचं मांस, म्हणजे अॅडेनॉइड, आणि टॉन्सिल दोन्ही वाढलेले. झोपेच्या तपासणीत स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास मध्येच अडण्याचा आजार, निघाला. हिमोग्लोबिन 9.2, फेरिटिन 6. या वयात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, आणि फेरिटिन 12 च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपत आलेला.

“माझ्याच हातनं झालं,” म्हणून त्या रडल्या. मी त्यांना 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा सांगितला: महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय. एवढ्या सगळ्या आया चुकल्या असतील का?

“रक्त वाढलं की घोरणं थांबंल?” नाही. वाट अडवतं ते वाढलेलं मांस. लोह कमी पडलं की पाय शिवशिवतात, चिडचिड वाढते. दोन्ही आपापल्या परीनं झोप मोडतात. आणि अपुऱ्या झोपेचं लहान मूल मोठ्या माणसासारखं पेंगत नाही, ते उलट जास्त धिंगाणा घालतं.

डॉक्टर म्हणाले, आधी रक्त वाढवू, मग भूल देऊन वाढलेलं मांस काढू. घरात बदल करणं जडच गेलं. पोरगं दिवसाला लिटरभर दूध बाटलीनं प्यायचं, वर चहात बुडवलेली बिस्किटं. एवढ्या दुधानं नि चहानं लोह अंगी लागत नाही, म्हणून दूध कमी केलं, चहा बंद, लोहाचं औषध लिंबूपाण्याबरोबर. शी काळी झाली तेव्हा आजी घाबरल्या. त्या औषधानं होतेच. तासगावचे बेदाणे आजींनी श्रद्धेनं चारले. चारू द्यावेत, पण औषधाची जागा ते घेत नाहीत. हिमोग्लोबिन वर आलं तरी साठा भरायला आणखी काही महिने लागतात, म्हणून मध्येच सोडायचं नाही. मात्रा वजनावर ठरते. जास्त गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेततं, तेव्हा औषधाची बाटली उंच फळीवर.

वडिलांना मुद्दाम बोलावून चित्रण दाखवलं. शेवटपर्यंत पाहिलं, पुन्हा लावलं. “मी रोज बाजूलाच झोपतोय ओ,” एवढंच बोलले. पुढच्या प्रत्येक तपासणीला मिरजेला तेच घेऊन गेले.

ऑपरेशन होऊन चार महिने झालेत. मुलगा तोंड मिटून झोपतो, पेन्सिल सुटलीय, ढकलाढकली अधूनमधून चालूच आहे. आई मात्र अजून रात्री दोनला उठून त्याच्या छातीवर तळवा ठेवतात. त्यासाठी आम्ही दर पंधरा दिवसांनी भेटतो.