रोज केगल करूनही लघवी सुटतेय? मग थोडं थांब

अगं, बाळ पाच महिन्यांचं, रोज केगल (लघवी धरून ठेवणारे खालचे स्नायू आवळायचा-सोडायचा व्यायाम) करतेस तरी शिंकलं की लघवी सुटते, संबंध ठेवताना दुखतं, आणि विचारतेयस केगल अजून वाढवू का. नको गं! निदान कुणी नीट तपासेपर्यंत तरी नको. मी डॉक्टर नाही, स्वतःवरून सांगतेय.

माझंही हेच झालं होतं. सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी टाके बघितले, भरलेत म्हणाल्या, लघवीचं काढलं तर "डिलिव्हरीनंतर होतंच, केगल करा" आणि लगेच पुढच्या पेशंटला हाक. कसे, किती, काही नाही. मग मी आपली बाळाला पाजताना, उभ्या उभ्या, दिवसभर आवळतेय, तेही आठ महिने. गळती वाढलीच, वर माकडहाडापाशी दुखायला लागलं. ते आठ महिने आठवले की अजून राग येतो.

शेवटी पेल्विक फ्लोरवाली, म्हणजे याच खालच्या स्नायूंवर काम करणारी फिजिओ भेटली. तिने विचारून, ग्लोव्ह घालून एका बोटाने आतून तपासलं, डावीकडे जरासं दाबलं आणि मी कळवळलेच. म्हणाली, स्नायू सतत आवळलेलाच आहे, मूठ आधीच मिटलेली असेल तर आणखी काय मिटणार? काही आठवडे केगल पूर्ण बंद. आडवं पडून श्वास घेताना पोट आणि खालचा भाग सैल सोडायचा, एवढंच. आवळणं नंतर आलं, 6 ते 8 सेकंद धरायचं आणि तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. शिंक येतेय वाटलं की आधी आवळायचं, हेही तिनेच शिकवलं.

काहींचे स्नायू खरंच कमजोर असतात, त्यांना केगल हवेतच, म्हणून तर तपासणी. 1948 मध्ये हा व्यायाम मांडणारे डॉ. अरनॉल्ड केगलसुद्धा आतून तपासून, दाब मोजायचं यंत्र लावून शिकवायचे, नुसतं "करा" म्हणून सोडत नव्हते.

दुसऱ्या वेळी मी गरोदरपणातच गेले, कळ देताना खालून सैल कसं सोडायचं ते शिकले, फार उपयोग झाला. सिझेरियन असलं तरी दाखवावं, नऊ महिन्यांचं वजन त्या स्नायूंनीच पेललेलं असतं. आणि हो, लघवी मध्येच अडवून सराव करू नकोस, लागली नसताना "जाऊन येते" पण नको. शौचाला पायाखाली छोटं स्टूल घे, कमी कुंथावं लागतं.

जळजळ असेल किंवा अंग खाली उतरल्यासारखं वाटत असेल तर आधी डॉक्टर. आणि फिजिओकडे गेलीस की सरळ विचार, माझे स्नायू कमजोर आहेत की ताठ?